विषाणुसंसर्ग, दाह आणि वृद्धांचा स्नायुऱ्हास : रुग्णालयानंतरचा दुर्लक्षित खर्च

सत्तरी ओलांडलेली एखादी व्यक्ती विषाणुजन्य न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होते. दाखल होताना ती स्वतःच्या पायांनी चालत गेलेली असते. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पूर्वपदावर येते, छातीचे चित्र सुधारते आणि 'प्रकृती स्थिर' अशा शेऱ्यासह तिला घरी सोडण्यात येते. घरी आल्यावर मात्र तिला भारतीय पद्धतीच्या शौचकूपावरून आधाराशिवाय उठता येत नाही, जिना चढता येत नाही, अंघोळीची बादली उचलवत नाही. कुटुंबीय याला 'आजारपणाचा अशक्तपणा' म्हणतात आणि तो काही दिवसांत जाईल असे गृहीत धरतात. अनेकांच्या बाबतीत तो जातो. वृद्धांपैकी मोठ्या गटाच्या बाबतीत मात्र तो जात नाही, आणि रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे स्वावलंबन पुन्हा कधीच मिळत नाही.

या स्थितीमागे दोन प्रक्रिया आहेत. पहिली, संसर्गाला प्रतिसाद म्हणून संपूर्ण शरीरात निर्माण होणारा दाह, आणि दुसरी, त्या दाहामुळे व अंथरुणाला खिळल्यामुळे होणारा स्नायूंचा ऱ्हास. विषय वरकरणी वैद्यकशास्त्राचा आहे. परंतु ज्या देशात ६० वर्षांवरील लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती आणि अधिकृत प्रक्षेपणानुसार २०३६ पर्यंत ती सुमारे २२ कोटी ७० लाख, म्हणजे जवळपास १५ टक्के होणार आहे, त्या देशात हा प्रश्न लोकसंख्याशास्त्राचा, सार्वजनिक वित्ताचा आणि कौटुंबिक श्रमविभागणीचाही ठरतो. २०२० ते २०२२ या काळातील कोविड-१९ च्या लाटांनी तो ठळकपणे समोर आणला. त्याचे मूळ मात्र कोविडपेक्षा बरेच जुने आहे.

दाह : संरक्षण आणि त्याची किंमत

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदविली होती. बोटाला जखम झाल्यावर ती डोळ्यांना दिसतात. विषाणूने फुप्फुसांत प्रवेश केल्यावर होणारा दाह दिसत नाही, तो रक्तात मोजावा लागतो. विषाणूची चाहूल लागताच रोगप्रतिकारक पेशी काही संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही दोन नावे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत. इंटरल्यूकिन-६ चा संदेश यकृताला मिळाला की यकृत आपले नेहमीचे उत्पादन बदलते. अल्ब्युमिन कमी तयार होते आणि सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, म्हणजेच सीआरपी, मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागते.

सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात लावला. निरोगी व्यक्तीत लिटरमागे काही मिलिग्रॅम एवढे असणारे हे प्रथिन तीव्र संसर्गात दोन दिवसांत शंभर पटींपर्यंत वाढू शकते. सामान्यतः विषाणूंपेक्षा जिवाणूंच्या संसर्गात ते अधिक वाढते. परंतु गंभीर कोविडमध्ये त्याची पातळी इतकी चढत असे की, २०२० नंतर 'सीआरपी किती आहे?' हा प्रश्न भारतातील सर्वसामान्य घरांतही विचारला जाऊ लागला. एका प्रयोगशाळेतील संज्ञेचा एवढा वेगवान लोकप्रसार क्वचितच झाला असेल.

हा प्रतिसाद मुळात संरक्षक आहे. प्रश्न त्याच्या मात्रेचा आणि कालावधीचा आहे. वृद्धापकाळात तो दोन कारणांनी बिघडतो. वयाबरोबर शरीरात मंद स्वरूपाचा दाह कायमच धुमसत राहतो. इटलीतील क्लाउदिओ फ्रांचेस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये या अवस्थेला 'इन्फ्लेमेजिंग' हे नाव दिले. मराठीत तिला 'दाहयुक्त वार्धक्य' म्हणता येईल. मधुमेह, स्थूलता, हिरड्यांचे जुनाट विकार आणि धूम्रपान यांमुळे तो अधिक वाढतो. याच्या जोडीला विषाणूला आरंभीच रोखून धरण्याची क्षमता वयाबरोबर कमी होते, त्यामुळे संसर्ग लांबतो आणि त्यासोबत दाहही. विशेष म्हणजे पुष्कळ वृद्धांना अशा वेळी फारसा ताप येत नाही. अन्नावरची वासना जाणे, एकाएकी गोंधळल्यासारखे वागणे किंवा घरात पडणे हीच संसर्गाची पहिली खूण असते, आणि 'वय झाले' या समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष होते.

स्नायू : शरीराची राखीव ठेव

तरुण व निरोगी शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग कंकाल स्नायूंचा असतो. चालणे, उठणे, उचलणे ही त्यांची दृश्य कामे झाली. त्यांचे दुसरे काम कमी परिचित आहे. शरीर जादा ऊर्जा चरबीच्या रूपात साठवू शकते, परंतु प्रथिनांचे स्वतंत्र कोठार शरीरात नाही. प्रथिनांची सर्वांत मोठी ठेव स्नायूंतच असते. आजारपणात यकृताला नवी प्रथिने बनवायची असतात आणि रोगप्रतिकारक पेशींना वेगाने वाढण्यासाठी ग्लुटामिनसारखी अमिनो आम्ले हवी असतात. तापात चयापचयाचा वेग दर एक अंश सेल्सिअसमागे सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी अन्न जात नाही. तेव्हा शरीर स्नायूंची ठेव मोडते. अवर्षणात शेतकऱ्याने बैल विकावा तसाच हा व्यवहार आहे. हंगाम निभावतो, पण पुढच्या पेरणीची ताकद गेलेली असते.

ठेव मोडण्याची यंत्रणाही आता बऱ्यापैकी उलगडली आहे. दाहाचे संदेश स्नायुपेशीत पोहोचले की काही विशिष्ट जनुके जागी होतात. त्यांपैकी ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ या दोन जनुकांचे कार्य २००१ मध्ये उजेडात आले. ती स्नायूंतील प्रथिनांवर 'युबिक्विटिन' नावाची खूण लावतात आणि खूण लागलेली प्रथिने पेशीतील प्रोटिॲसोम ही यंत्रणा तोडून टाकते. तोडण्याचा वेग असा वाढत असताना नवी प्रथिने जोडण्याचा वेग मंदावतो. वृद्धांचे स्नायू आहारातील प्रथिनांना तसाही कमी प्रतिसाद देतात. दाह आणि निष्क्रियता यांमुळे हा प्रतिसाद आणखी क्षीण होतो.

वयपरत्वे होणाऱ्या स्नायुऱ्हासाला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकन पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचविले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. दारिद्र्याचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला 'मांसाचे दारिद्र्य' ही व्युत्पत्ती विशेष बोलकी वाटते. कारण येथेही दीर्घकालीन दारिद्र्य आणि आकस्मिक आघाताने येणारे दारिद्र्य असा भेद करावा लागतो. चाळिशीनंतर दर दशकाला सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होणे हा पहिला प्रकार, आणि रुग्णालयातील दहा दिवसांत होणारी घट हा दुसरा.

ही दुसरी घट किती मोठी असते? २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण बहुचर्चित अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस केवळ अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. त्यांना कोणताही आजार नव्हता आणि आहारही पुरेसा होता. तरीही त्यांच्या पायांतील मांसल भार सुमारे एक किलोने घटला आणि स्नायूंत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला. यात संसर्ग आणि दाहाची भर पडल्यास काय होते याची कल्पना २०१३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी अतिदक्षता विभागातील ६३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासावरून येते. तेथे मांडीच्या एका प्रमुख स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ दहा दिवसांत सरासरी १७.७ टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्यांचे एकापेक्षा अधिक अवयव निकामी झाले होते त्यांच्यात ही घट अधिक होती.

उपचारांचा एक अटळ पेचही येथे नमूद करावयास हवा. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड कृत्रिम श्वसनावर असलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. दाह आवरल्याने प्राण वाचतात याचा हा भक्कम पुरावा होता. परंतु स्टिरॉइड हे स्वतःच स्नायूंतील प्रथिने मोडणारे औषध आहे आणि रक्तशर्करा वाढविणारेही. योग्य रुग्णाला योग्य मात्रेत ते दिलेच पाहिजे. मात्र २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही ते घरोघरी घेतले गेले. त्याचा भार वृद्धांच्या स्नायूंवर किती पडला याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

धोका कोणाला अधिक?

आजारापूर्वी ज्याची ठेव कमी, त्याला धोका अधिक, हे उघड आहे. पण ती ठेव ओळखायची कशी? आशियाई देशांतील तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचविलेले निकष आपल्याकडे वापरण्याजोगे आहेत. हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असणे किंवा खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, ही धोक्याची चिन्हे मानली जातात. प्राथमिक चाळणीसाठी पोटरीचा घेर मोजला जातो. पुरुषांत तो ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास पुढील तपासणी करावी. यासाठी लागणारी साधने म्हणजे शिंप्याची टेप, एक खुर्ची आणि घड्याळ. पकड मोजण्याचे उपकरण तेवढे विकत घ्यावे लागते.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजन पाहून अंदाज बांधणे फसवे असते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी आपली स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली होती. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण यडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. समान वजनात भारतीय शरीर चरबी अधिक आणि स्नायू कमी बाळगते, हे त्यातून एका दृष्टिक्षेपात समजते. म्हणजेच आपले अनेक ज्येष्ठ नागरिक 'वजन बरे आहे' या समाधानात असतात, तेव्हाही त्यांची स्नायूंची शिल्लक तुटपुंजी असू शकते.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' या दीर्घकालीन वार्धक्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. त्याच्या अहवालानुसार ६० वर्षांवरील २४ टक्के व्यक्तींना अंघोळ, कपडे घालणे, चालणे यांसारख्या दैनंदिन क्रियांपैकी किमान एका क्रियेत अडचण येत होती. महासाथीपूर्वीची ही आकडेवारी आहे. पकडीची ताकद प्रत्यक्ष मोजणारे एवढे मोठे सर्वेक्षण देशात आधी झालेले नव्हते. विकास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केवळ गरिबीच्या आकड्यांसाठीच नव्हे, तर या मोजमापांसाठीही त्याचा अहवाल वाचावा.

घसाऱ्याचे अर्थशास्त्र

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याला भांडवलाच्या परिभाषेत मांडले. त्यांच्या मते प्रत्येक व्यक्ती आरोग्याचा काही साठा घेऊन जन्माला येते. त्या साठ्यावर दरवर्षी घसारा लागतो, वयाबरोबर घसाऱ्याचा दर वाढतो, आणि आहार, व्यायाम व उपचार ही त्यातील गुंतवणूक असते. प्रस्तुत विषयाला हे प्रतिमान चपखल लागू पडते. तीव्र दाहाचे दहा दिवस म्हणजे काही वर्षांचा घसारा एकाच तिमाहीत लावल्यासारखे आहे. मात्र ग्रॉसमन यांच्या प्रतिमानात व्यक्ती आपल्या गुंतवणुकीचा निर्णय स्वतः घेते. रुग्णालयातील वृद्धाच्या बाबतीत हा निर्णय इतर जण घेतात, आणि त्यांना मिळणारी प्रोत्साहने रुग्णाच्या हिताशी जुळतीलच असे नाही.

उदाहरणार्थ, रुग्ण वॉर्डात चालताना पडला तर ती दिसणारी दुर्घटना असते. तिची नोंद होते, जाब विचारला जातो. रुग्ण दहा दिवस पडून राहिल्याने त्याच्या मांडीचे स्नायू गेले तर त्याची नोंद कोठेही होत नाही. त्यामुळे परिचारिका असोत वा नातेवाईक, सर्वांचाच कल रुग्णाला 'आराम' देण्याकडे असतो. सलाइनची नळी, लघवीची पिशवी आणि खाटेचे वर केलेले कठडे हे त्या आरामाचे साहित्य. अमेरिकेतील ७० वर्षांवरील दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ टक्के रुग्ण आजारापूर्वीच्या तुलनेत किमान एका दैनंदिन क्रियेत परावलंबी होऊन घरी गेले. ज्या आजारासाठी त्यांना दाखल केले तो कदाचित पूर्ण बरा झाला असेल. डिस्चार्ज कार्डावर नोंद असते ती त्याचीच.

आता खर्चाकडे वळू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) बाळंतपण वगळता रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा महत्त्वाची आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेची व्याप्ती २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाचा निकष न लावता ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांपर्यंत वाढविण्यात आली. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारा हा निर्णय वृद्धांच्या आरोग्यसुरक्षेतील मोठा टप्पा मानावा लागेल.

परंतु या योजनेची रचना आंतररुग्ण उपचारांभोवती आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा काळ तीत समाविष्ट होतो. गेलेले स्नायू परत मिळविण्यास सत्तरीत आठवडे नव्हे, तर महिने लागतात. म्हणजे ज्या काळात फिजिओथेरपी, प्रथिनयुक्त आहार आणि मदतनीस यांची सर्वाधिक गरज असते, तो जवळजवळ सगळा काळ संरक्षणाच्या बाहेर राहतो. तो खर्च कुटुंबावर पडतो, आणि त्याचा मोठा भाग रुपयांत दिसतही नाही. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची काळजी घेण्याच्या कामात सहभागी असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. या आकड्यांत बालसंगोपनही येते. तरीही अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची शुश्रूषा करण्यासाठी रोजगार सोडणारी व्यक्ती बहुतेक वेळा सूनच असते, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. स्त्रियांच्या श्रमसहभागाच्या चर्चेत वृद्धांच्या स्नायूंचा उल्लेख येत नाही. माझ्या मते तो यायला हवा.

गरीब वृद्धाची स्थिती याहून बिकट आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ७९ वर्षांपर्यंतच्या लाभार्थ्यांसाठी केंद्राचा मासिक हिस्सा २००७ पासून २०० रुपयेच आहे. अनेक राज्ये त्यात आपली भर घालतात, पण ती राज्यागणिक वेगळी आहे. या रकमेत डाळ, दूध आणि अंडी यांचा महिन्याचा हिशेब कोणत्याही भावाने बसवता येणार नाही.

आहार, हालचाल आणि त्यांचा क्रम

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांसाठी नेमलेल्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये निरोगी ज्येष्ठांना १ ते १.२ ग्रॅम आणि आजारी ज्येष्ठांना १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचविली. मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराचे, पण डायलिसिसवर नसलेले रुग्ण याला अपवाद आहेत. ६० किलो वजनाच्या आजारी व्यक्तीला याप्रमाणे ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्याकडे आजाऱ्याला 'हलके' म्हणून काय दिले जाते ते यापुढे ठेवून पाहावे. महाराष्ट्रात साबुदाण्याची खीर, केरळात भाताची पेज, अनेक प्रांतांत नुसता चहा आणि बिस्कीट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. डाळ-तांदळाची खिचडी त्या मानाने खूपच सरस, दही, दूध किंवा अंडे असल्यास आणखी चांगले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. यावरून ७२ ग्रॅम हे लक्ष्य किती दूर आहे ते लक्षात येईल.

तथापि केवळ आहार वाढवून प्रश्न सुटत नाही, आणि येथेच दाहाचा मुद्दा पुन्हा येतो. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या गरजेनुसार आहार दिल्याने तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. एवढ्या साध्या उपायाचे हे यश लक्षणीय होते. पुढील वर्षी त्याच आकडेवारीच्या पुनर्विश्लेषणात आढळले की, ज्यांचे सीआरपी लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक होते त्या रुग्णांना असा लाभ मिळाला नाही. दाह ऐन भरात असताना शरीर आलेल्या प्रथिनांतून स्नायू बांधण्याच्या स्थितीत नसते, असा याचा संभाव्य अर्थ आहे. याचा अर्थ त्या काळात रुग्णाला उपाशी ठेवावे असा नव्हे. दाह ओसरू लागल्यानंतरचे आठवडे पोषणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, असा तो घ्यावा. आणि नेमके तेव्हाच रुग्ण घरी गेलेला असतो आणि आहारतज्ज्ञ रुग्णालयात राहिलेला असतो.

हालचालीविषयीचा पुरावा अधिक निःसंदिग्ध आहे. स्पेनमधील पांप्लोना येथील रुग्णालयात सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३७० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार देण्यात आले. उरलेल्या निम्म्यांकडून नेहमीच्या उपचारांसोबत दिवसातून दोनदा, देखरेखीखाली, त्यांच्या कुवतीनुसार ताकदीचे, तोल सांभाळण्याचे आणि चालण्याचे व्यायाम करून घेण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारांच्या गटात दैनंदिन क्षमतेचा गुणांक पाचने घसरला, तर व्यायामाच्या गटात तो जवळपास दोनने वाढला. हा फरक पाच ते सात दिवसांच्या व्यायामाचा होता. हे रुग्ण सर्वच विषाणुसंसर्गाचे नव्हते. अंथरुणावर पडून राहिल्याने होणारे नुकसान मात्र निदान कोणतेही असले तरी होतेच.

भारतीय रुग्णालयांजवळ यासाठी एक साधन आहे, जे युरोपातील रुग्णालयांजवळ सहसा नसते. आपल्याकडे रुग्णाच्या खाटेशी चोवीस तास एक नातेवाईक बसलेला असतो. त्याचा उपयोग औषधे आणण्यासाठी आणि रांगेत उभे राहण्यासाठी होतो. रुग्णाला दिवसातून तीन वेळा खुर्चीत बसवणे आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत चालवून आणणे हे काम अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणानंतर, डॉक्टरांच्या अनुमतीने, त्याच्याकडे सोपविता येईल. कोविड कक्षांत नातेवाइकांना प्रवेश नव्हता. तेथील वृद्ध रुग्ण इतके निश्चल राहण्याचे हेही एक कारण होते.

व्यवस्था कोठे आहे?

कागदावर व्यवस्था पुष्कळ आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धोपचार कक्ष आणि फिजिओथेरपी विभाग, प्राथमिक आरोग्य केंद्रात साप्ताहिक वृद्ध बाह्यरुग्ण सेवा आणि उपकेंद्राच्या पातळीवर गृहभेटी अशी रचना आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांतही वृद्धसेवेचा समावेश आहे. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना काठ्या, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या मिळतात. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपिस्टसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. उणीव आहे ती या कड्या एकमेकींत अडकविण्याची. जिल्हा रुग्णालयातून सुटलेल्या रुग्णाची माहिती त्याच्या गावातील आरोग्य मंदिराला आपोआप मिळत नाही.

केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण जाहीर करून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत घरोघरी जाणारी परिचारिका आणि स्वयंसेवक यांचे जाळे उभे केले. ते मुख्यतः दुर्धर आजारांच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी आहे. त्याच जाळ्याने घरी परतलेल्या वृद्धाला पहिल्या महिन्यात चार भेटी दिल्या, तर कित्येक जण खिळण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचणारच नाहीत. देशात वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्याने हा प्रयोग करणे स्वाभाविक ठरेल. तमिळनाडू, हिमाचल प्रदेश आणि पंजाब ही त्याच वाटेवरील पुढची राज्ये आहेत.

प्रतिबंधाची बाजू थोडक्यात सांगता येईल. भारतात इन्फ्लुएंझाची साथ पावसाळ्यात आणि हिवाळ्यात अशी दोनदा उसळते. वृद्धांसाठीची इन्फ्लुएंझा लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, ती ज्याची त्याला विकत घ्यावी लागते. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील कोट्यवधी नागरिकांना कोविडची लस देताना प्रौढ लसीकरणाची यंत्रणा देशाने उभारून दाखविली होती.

वित्तीय रचनेबाबत एक मुद्दा उरतो. जन आरोग्य योजनेत विमाछत्राचा खर्च केंद्र आणि राज्य शासने करतात. रुग्ण तीन महिन्यांत पुन्हा पडला, मांडीचे हाड मोडले आणि पुन्हा दाखल झाला, तर तो दुसरा दावाही सार्वजनिक निधीवरच येतो. खासगी रुग्णालयाला स्नायू वाचविण्यात आर्थिक लाभ नसेल, शासनाला मात्र आहे. पंधरा दिवसांची मर्यादा निवडक वृद्ध रुग्णांसाठी नव्वद दिवसांपर्यंत नेऊन तीत फिजिओथेरपीच्या ठरावीक भेटी समाविष्ट करणे, आणि डिस्चार्ज कार्डावर पोटरीचा घेर व खुर्चीतून पाच वेळा उठण्यास लागलेला वेळ या दोन नोंदी सक्तीच्या करणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल. पहिल्या सूचनेला निधी लागेल आणि तिची एखाद्या जिल्ह्यात आधी चाचणी घ्यावी लागेल. दुसरीला केवळ एक परिपत्रक पुरेसे आहे.